समुद्राचे किडे आणि जांभळीचा मांडव

माय, सगळ्यात आधी कोण आलं असेल तर पाटलीणबाई, आणि आल्या आल्या विचारते कशी, "काऊन वो बाई, नातीचं लगीन ठरलं का? मांडव दिसते!" लगीन कशाचं! माझी नात नागपूरच्या कॉलेजातून आपल्या सरांना घेऊन येणार होती. पाहुण्यांना उन्हात कसं बसवायचं, म्हणून आम्ही वैनगंगेच्या रेतीवर जांभळीच्या फांद्यांचा दाट मांडव घातला होता. तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.

सर आले, हातात ओल्या रेतीचा डबा. त्यात तांदळाएवढे किडे, झिंग्याच्या जातीचे, पार कोकणातल्या समुद्रकाठावरून आणलेले. नात म्हणाली, "आजी, कोरड्यात ठेवले का हे समुद्राच्या बाजूनंच पळतात, सूर्य पाहून. पण तिथं पाण्याचा वास राह्यते, लाटांचा आवाज राह्यते. म्हणून इथी आणले. इथी सूर्याबिगर त्यांना वाट सांगणारं कोणीच नाई." माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, बाजूला उभा होता. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "हे जमलं तं शीक. नाई जमलं तं धान घरी आलं का लगीन."

किडे कोरड्या थाळीत सोडले. काही इकडे, काही तिकडे, पांगलेच सगळे. सर डोकं खाजवू लागले. मुलगा हसला, "झालं का शिक्षण?" पोर रडकुंडीला आली, मग एकदम वर पाहून म्हणाली, "आजी, सूर्यच नाई दिसत त्यांना! मांडव काढा लागते."

पाहुणे खाली बसलेले असताना मांडव कोण मोडतं? पाटलीणबाईनं तर कानाला हात लावले. आणि माय, मला तू दिसलीस, त्या दिवशीची. मी दुसरीत आहे, बा म्हणतो उद्यापासून शाळा बंद, आणि तू चुलीत फुंकत राहतेस, तोंड वर करतच नाहीस. डोळे धुरानं लाल झाले होते की कशानं, मी तेव्हा विचारलं नाही. राग नाही ग. पण मी पदर खोचला आणि पहिली मेढ मीच उपटली.

ऊन पडलं. किडे जरा थबकले, आणि मग आपल्या एवढ्या मोठ्या नदीकडे पाठ करून निघाले मावळतीकडे. समुद्र तिकडेच आहे म्हणे! सरांनी फळीनं ऊन अडवलं आणि दुसऱ्या बाजूनं आरशात सूर्य दाखवला, तर वळले की ग उलटे! आरसा माझ्या मुलाचा, दाढीचा. शेवटी तोच धरून बसला होता, कोणाला हात लावू देईना. पोरीला म्हणतो, "शीक बाई, तुले कोण अडवते?" जसं काही दुसऱ्याच कोणी अडवलं होतं!

तेव्हापासून मी गावभर सांगत फिरते, लोक कंटाळले. तू उरली होतीस, म्हणून हे पत्र लिहिलं. टाकायचं कुठं, ठाऊक नाही. तांदळाच्या डब्यामागं ठेवते. एक मात्र आहे, समुद्र केवढा असतो हे मी पोरीला विचारलंच नाही. सरांपुढे लाज वाटली. किड्यांचं हेच आता चांदण्यात करून पाहायचं म्हणून सर येत्या पुनवेला परत येतो म्हणालेत, तेव्हा विचारीन.