उघड्या तोंडानं

आई, दुरूनच तुझ्या हाताला ओठ लावतो.

मी सुखरूप आहे, पोटभर खातो. तुझी सांडणी व्याली का?

आजोबांनी वाळवंटातून येऊन वसवलेलं मराकेश पडलं. आपलं राज्य संपलं. आपल्या पुरुषांच्या तोंडावरचं फडकं दिसलं की जिंकून आलेले शत्रू ठार मारतात.

वेशीपाशी मी यिंतानकाकांना विनवलं, "काका, सोडा ते!"

"तुझ्या काकूनंसुद्धा माझं तोंड पाहिलं नाही. यांना दाखवू होय?" म्हणाले आणि तसेच पुढे गेले. तिथंच त्यांना कापलं. काकूला मीच येऊन सांगेन.

मी फडकं सोडलं, म्हणून वाचलो. पण मिसरूड फुटल्यापासून तूही माझा चेहरा पाहिलेला नाहीस. तंबूच्या दाराशी उभा राहिलो, तर ओळखशील ना?

तुझाच,
इद्दर