गुलाबजलाच्या बाटलीतलं औषध

दुर्गाघाट, वाराणसी
चैत्र वद्य पंचमी

ती. नरहरराव यांना दिनानाथचा नमस्कार.

आपली शुगर आटोक्यात असेल, वहिनींचा गुडघा जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. माझी प्रकृती ठीक आहे. (आपण विचारलेलं नाही, पण पत्रात लिहायची पद्धत आहे.) या पत्राचा फोटो मी आपल्या भाचीला, मालविकाला पाठवतो, ती तो आपल्या फोनवर पुढे पाठवील, कारण माझा फोन आपण आपली बहीण गेल्यापासून उचललेला नाही.

विद्युल्लतेचा दहावा आपल्याला आठवत असेल. राजा घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. मालविकाचं लग्न नीट करून देईन म्हटलं, काशी सोडणार नाही म्हटलं. कावळा कठड्यावर बसून नुसता ऐकत होता. तेव्हा आपण चारचौघांत म्हणालात, "बायको सांभाळता आली नाही, निदान तिच्या मिरच्या तरी सांभाळाल का, ते सांगा तिला." मी सांभाळीन म्हटलं आणि तो लगेच खाली उतरला. (आपण हसलात असं मला वाटलं. नसालही हसला.)

तेव्हापासून गच्चीवरच्या अकरा कुंड्यांना मी बांधलेला आहे. बी आपल्याच घरचं, भिवापुरी, दर वर्षी ती नागपूरहून पुडीत बांधून आणायची. माकडांसाठी जाळी लावली. उन्हासाठी तिची साडी वर ताणली (आपण दिवाळीला दिलेली, तिला रंग आवडला नव्हता). फाल्गुनात पानं मुरडली, पानांखाली मावा दिसला. खालच्या मजल्यावरचा उल्हास म्हणाला, "काका, टेन्शन काहे का? माझ्या गुलाबांवर मारतो तेच घ्या, दो दिन में साफ." औषध गुलाबजलाच्या बाटलीत होतं. किती घालायचं विचारलं तर म्हणाला, "अंदाजे." रेल्वेतल्या चौतीस वर्षांत मी अंदाजे काही केलं नाही, ते इथे केलं. तेही उघड्या हातांनी, वाऱ्याकडे तोंड करून. दोन दिवस डोकं जड होतं, मळमळत होतं. वर्षश्राद्ध जवळ आलं म्हणून असेल, असं मी समजलो.

मावा गेला. मिरच्या तिच्या वेळी यायच्या तशाच आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तोडल्या आणि मालविकाला मोठ्या तोऱ्यात फोन करून औषधाच्या बाटलीसकट सगळं सांगितलं. परवा पुन्हा तिचा फोन आला.

"बाबा, त्या बाटलीवर लिहिलं काय होतं?"

"गुलाबजल."

"और अंदर?"

ते उल्हासलाही ठाऊक नव्हतं. मूळ डबा त्याने कधीच फेकला होता. विद्यापीठात शेती शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, फुलझाडांचं औषध खायच्या झाडावर मारत नाहीत, ते आत भिनतं, धुऊन जात नाही. मिरची तोडायच्या आधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर असतं, लेबलच नाही तर मी दिवस कुठून सांगू? सगळ्या फेका. मग हळूच विचारलं, "आपने कितनी खाईं?" एकही नाही म्हटलं. मला तिखट चालत नाही. लग्नापासून माझी भाजी ती वेगळी काढायची.

उद्या रोपं उपटतो. दहाव्याला दिलेला शब्द एवढाच टिकला. आपण घाटावर म्हणालात ते खोटं नव्हतं, असं आता तरी मानून घ्यावं लागतं.

वहिनींना नमस्कार.

आपला
दिनानाथ

ता. क. एक लिहायचं राहिलं. त्याच मिरच्यांच्या लोणच्याची बरणी, सांभाळल्याचा पुरावा म्हणून, मी सोमवारी आपल्याला पाठवली आहे. ती उघडू नये. उघडली असल्यास खाऊ नये. खाल्लं असल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जावं, आणि मग तरी माझा फोन उचलावा.

आणखी एक. वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. जमणार नसेल तर चिमूटभर बी पाठवा. जमणार असेल तर स्वतःच घेऊन या. मला पुन्हा कावळ्यासमोर उभं राहायचं आहे, आणि मागच्या वेळी तो आपल्या बोलण्यावर आला होता, माझ्या नव्हे.