आता मी कुणाची बेंबी बसवत नाही

प्रिय पंढरीदादा,

सकाळी फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून मोकळा झालास, म्हणून हे लिहून तुझ्या सुनेच्या हाती देते आहे. निशा फराळाचे डबे न्यायला आली आहे. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. धामणकर नाक्यावर पोटाची सोनोग्राफी करून घ्यायला तू काल हसून नाही म्हणालास. मी ते ऐकून घेणार नाही. अंगणवाडीत तीस वर्षं हट्टी पोरं सांभाळली आहेत मी, त्यात तू एक.

सीताबाईचं डोकं फिरलंय, असं गावात म्हणतात. म्हणू देत. आपल्या आक्काआत्याने मला बेंबी बसवायला शिकवलं तेव्हा मी चौदाची होते. लग्न होऊन मानकोलीला आले तर इथेही पोट दुखलं की माणूस डॉक्टरच्या आधी माझ्या ओटीवर. सकाळी अनशेपोटी उताणं झोपवायचं, पाच बोटं टेकवून बेंबीचा ठोका शोधायचा, सरकला असेल तर तेल लावून अंगठ्याने मधे आणायचा. हाताला यश आहे म्हणायचे लोक, आणि मलाही त्याचा तोरा होता.

तोच तोरा ह्यांच्या वेळी नडला. ह्यांना हार्टअटॅक आला असं तुला वाटतं, कारण मी सगळ्यांना तसंच सांगितलं. खरं आज सांगते. चार दिवस ह्यांचं पोट आणि कंबर दुखत होती. ठोका हाताला नेहमीच्या दुप्पट रुंद लागला. मला वाटलं, बेंबी चांगलीच सरकली. दोन सकाळी तेल लावून दाबली. तिसऱ्या दिवशी हे जेवता जेवता कोसळले, ठाण्याला पोचेपर्यंत सगळं संपलं. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली होती. जन्मभर विड्या ओढलेल्या म्हाताऱ्या पुरुषांना हे जास्त होतं, बहुतेकांना आधी काही कळत नाही, सोनोग्राफीत मात्र दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. तुमच्या दाबण्यानेच फुटली असं सांगता येणार नाही, असंही म्हणाले. तेवढ्याने माझं भागत नाही.

तेव्हापासून मी कुणाच्याच पोटाला हात लावत नाही, आणि पासष्टीपुढचा विडीवाला पोट धरून आला की सोनोग्राफीला पाठवते. अकरा जण तपासून आले. दहा जणांचं काही निघालं नाही. तुझा प्रितम म्हणतो, दहा म्हाताऱ्यांना उगीच हेलपाटे. अकरावा रामनाथ. त्याची ती रक्तवाहिनी थोडी फुगली आहे, ऑपरेशन नको, वर्षाने पुन्हा बघायचं. कदाचित जन्मात फुटणारही नाही. पण तो आता खाडीवर जात नाही, हळदीत नाचत नाही, शिंक आली तरी पोट धरतो. विडी सोडली, तेवढं बरं झालं. त्याची बायको पुतळाबाई माझ्याशी बोलत नाही, चांगल्या माणसाला हिने आजारी केलं म्हणते. तिचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. तरी मी पाठवणार. हळदीच्या डीजेवर आपण पैसे उडवतो त्यापुढे सोनोग्राफीचा खर्च तो काय!

आता तुझं. तूही पासष्टीपुढचा विडीवाला, म्हणून काल भाऊबीजेला मी सोनोग्राफीचं काढलं, तर ओवाळण्याआधी तू सगळ्यांदेखत चटईवर आडवा झालास, माझा हात ओढून पोटावर ठेवलास आणि म्हणालास, “बघ गो सीते, मना काय झाला न्हाय.” पोरं हसत होती. माझ्या बोटांना ह्यांचाच ठोका लागला दादा, तेवढाच रुंद. मी घाबरले. हात काढून घेतला आणि काही नाही, गॅस आहे, म्हणाले. ते खोटं होतं. ह्यांच्या वेळी मला कळलं नव्हतं, या वेळी कळलंय. पोट दाबू नकोस, कुणाला दाबू देऊ नकोस. तुझं हे वाचून होईपर्यंत मी रिक्षा घेऊन दारात असेन. जे निघेल ते निघू दे, ऑपरेशन तर ऑपरेशन. नंतर मला शिव्या दे, पुतळाबाईसारखा जन्मभर अबोला धर. पण अबोला धरायला तू जिवंत पाहिजेस.

तुझीच,
सीता