बिनदोरीचा कासरा

बाबा, दिवाळीनंतर एकदा दुपारभर तुम्ही डोळ्यांपुढून हलला नाहीत. समोरच्या जिनिंगमधून कापसाचे पुंजके उडत येतात, खिडकीच्या गजांना चिकटतात, आणि त्या मऊ पांढऱ्या उजेडात मला सारखं वाटत राहिलं की तुम्ही दारात चपला काढून राहिला आहात. आता आत याल आणि विचाराल, "काय करून राह्यला रे?" त्याचं उत्तर मी मनातल्या मनात जुळवत होतो. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात कंदील होता. तुम्हाला कसं सांगू, की तुमचा म्हातारा झालेला पोरगा खेळायचा कंट्रोलर टीव्हीला जोडत बसला होता?

कंट्रोलर म्हणजे दोन्ही मुठींत मावेल अशी काळी वस्तू. नांगराचं रुमणं दोन ठिकाणी कापून तुकडे शेजारी शेजारी चिकटवावेत, तशी दिसते. वर दोन बुटक्या दांड्या, अंगठ्यानं हलवायच्या. वायर नाही, काही नाही. इथं अंगठा वळला की तिथं पडद्यावरची मोटार वळते. मी त्याला बिनदोरीचा कासरा म्हणतो आणि नात खिदळते. हा कासरा मोबाइलला बांधता येतो, टॅबला बांधता येतो, टीव्हीलाही येतो. पण एका वेळी खुंटा एकच. ही गोष्ट मला कळायला अख्खी दुपार गेली, आणि कळली तीही तुमच्यामुळे.

तुमच्या सुनेला पावसाळ्यात लकवा मारून गेला. डावं अंग. पाय सावरला, बोलणं सावरलं, हात तेवढा मांडीवर पडून राहिला, कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. तुम्हीच एकदा कापूस वेचताना तिच्याकडे पाहून म्हणाला होतात, "सूनबाईची बोटं चिमणीवानी टिपतात." तीच बोटं. व्यायाम शिकवायला ताई यायच्या, त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. हिनं तो अंगणात भिरकावला. "मी का लेकरू हाओ?" ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हात हलता ठेवला नाही तर आखडून जाईल, मग काही होणार नाही. मी विनवण्या केल्या, रागावलो, रुसलो. ही भिंतीकडे तोंड करून बसायची.

मग दिवाळीत नात आली, अमरावतीला शिकते ती. तिनं आजीला काही विचारलंच नाही. हातात कंट्रोलर कोंबला, समोर टॅब ठेवला आणि म्हणाली, "आजी, गाडी खड्ड्यात चालली, पाह्य!" आणि बाबा, तो डावा अंगठा हलला. थोडासाच, झोपेत मांजराचा कान हलावा तेवढा. पण गाडी वळली. दोघी घामाघूम होईपर्यंत खेळल्या. पोरगी जाताना जुना टॅब आम्हाला ठेवून गेली, तोंड पाहून बोलायला. त्याची काच लहान, आजीचे डोळे दुखतात, म्हणून तोच खेळ टीव्हीतही टाकून गेली. एसटीत चढता चढता ओरडली, "आबाजी, कंट्रोलर फक्त टीव्हीले जोडून घेजा, सोपं हाय!"

सोपं! मी मधलं बटण दाबतो, दिवा लुकलुकतो, मग ठाम पेटतो. टीव्ही ढिम्म. पुन्हा दाबतो. दिवा पेटतो, टीव्ही ढिम्म. ही पलंगावर ताठ बसलेली, डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर तयार ठेवलेला. आपण होऊन तयार ठेवलेला, बाबा, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. आणि माझ्यानं टीव्ही जागचा हलेना. मी शेल बदलले, टीव्ही बंद करून चालू केला, वरून थापटी मारली. हळूहळू तिचा चेहरा विझत गेला. "राहू द्या जी," ती म्हणाली, "कायले झटून राह्यले? माह्या हाताचं नशीबच तसं." आणि हात पदराखाली घेतला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बारीक बाजा ऐकू आला. जाऊन पाहतो तर फडताळात चार्जिंगला लावलेला टॅब जागा होऊन बसलेला, पोरीनं अर्धा टाकलेला खेळ त्यावर उघडा. मी हातातल्या कंट्रोलरवर अंगठा हलवला. तिथं, डाळीच्या डब्याशेजारी, अंधाऱ्या फळीवर, गाडी वळली.

मला टॅब दिसेना, तो तांबडा बैल दिसायला लागला.

त्याचा जोडीदार म्हातारा होऊन गेला, एकट्याचं काय करायचं म्हणून तुम्ही त्याला दिग्रसच्या बाजारात नदीपलीकडच्या एका भल्या माणसाला विकलात. आपली रीत होती, बैल द्यायचा पण दावं द्यायचं नाही. घरचं दावं घरी आणायचं, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. त्या माणसाचं दावं नवं, काथ्याचं, बैलाच्या मानेला टोचत होतं. तुम्हाला राहवलं नाही. आपलंच मऊ दावं तसंच राहू दिलंत. थोड्या दिवसांनी पहाटे मी गोठ्यात जातो, तर तांबडा आपल्या खुंट्याशी उभा, पोटापर्यंत अरुणावतीच्या पाण्यानं भिजलेला, तुटलेलं दावं गळ्यात. शेजारचे काका कुडावरून म्हणाले, "काहो भाऊ, बैल इकला होता का माहेरपणाले धाडला होता?"

तुम्ही त्याला परत घेऊन निघालात, मला बरोबर घेतलंत. तिथं पोचल्यावर तुम्ही आपलं दावं सोडलंत. नव्या मालकाला म्हणालात, "आता तुमच्या हातानं तुमचं बांधा. गूळ द्या. अन् तुमीच हाक मारा, मी बोलत नाही." आणि तुम्ही कुडाआड जाऊन उभे राहिलात, मला तोंडावर बोट ठेवायला सांगून. तांबडा कान फिरवत राहिला, कुठून तरी ओळखीचा आवाज येईल म्हणून. तुम्ही खोकलासुद्धा गिळलात. मग कधीतरी त्यानं त्या माणसाच्या तळहातावरचा गूळ चाटला.

म्हणजे टॅबनं गप्प बसायला हवं होतं. एवढंच! मी नातीला फोन लावला, म्हटलं, "तुह्या टॅबले कुडाआड उभं कराचं हाय, कसं करू?" ती म्हणाली, "आबाजी, काही समजेन असं बोला न!" समजल्यावर तिनं पायरी पायरीनं सांगितलं. टॅबचं ब्लूटूथ उघडा. कंट्रोलरचं नाव दिसते, त्याच्यावर 'विसरा' दाबा. "दाबलं?" "दाबलं." मग ब्लूटूथ बंद. मग कंट्रोलरच्या वरचं बारीक बटण दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये नवीन रिमोट शोधायला सांगा.

मी बटण दाबून धरलं. दिवा भराभर लुकलुकायला लागला, इकडे तिकडे कान फिरवावेत तसा. आणि बाबा, माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ये, ये." टीव्हीवर त्याचं नाव उगवलं. मी त्यावर दाबलं. दिवा थांबला, ठाम झाला.

मी तो हिच्या मांडीवर ठेवला आणि काही बोललो नाही. तुमच्याकडून शिकलो तेवढं. बऱ्याच वेळानं पदराखालून हात निघाला. उजव्यानं डावा उचलला, डाव्याचा अंगठा दांडीवर ठेवला. टीव्हीवर मोठा रस्ता उघडला. गाडी सरळ जाऊन झाडावर आदळली. "डावीकडं घे ना!" मी ओरडलो. "मले शिकवू नोका जी," ती म्हणाली, "तुमची एसटी चुकते नेहमी." आणि अंगठा डावीकडे गेला.

आता रोज दुपारी तिचा खेळ चालतो. ताई म्हणतात, मूठ सैल पडायला लागली. मी टॅब उघडला तरी कंट्रोलर आता तिकडे धावत नाही, त्याला नवा खुंटा मानवला.

हा कागद कुठं धाडायचा नाही. टीव्हीचं टेबल एका पायानं डुगडुगतं, घडी करून त्याखाली सारीन. पण एक तुम्हाला सांगून टाकतो. घरी आल्यावर तुम्ही ते तुटलेलं दावं गाठ मारून खुंटीवर अडकवलं होतं आणि पुन्हा कुठल्या जनावराला लावलं नाही. मी लहान होतो, मला वाटलं तुम्ही विसरलात. टॅबच्या यादीत त्या कंट्रोलरचं नाव अजून आहे, फिकट अक्षरांत. 'विसरा' दाबायचं तेव्हा पोरीला "दाबलं" म्हणालो खरा. दाबलं नाही.