सात दिवस तयारी

३ फेब्रुवारी, सकाळी ७
मयुरी पहिल्या बाळंतपणाला २६ तारखेला येणार. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल, प्लास्टर फुगलेलं. तिच्या सासूबाईंनी फोनवर बजावलं, खोली कोरडी नसेल तर बाळंतपण खामगावलाच. मयुरीची आई सिंधू म्हणते, "कडूबा मिस्त्रीले बलवा, तो चार दिवसात करून देते." कडूबाला? चौथीत माझाच विद्यार्थी होता. श्रुतलेखनात वीसपैकी दोन. चुकलेला शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावला, तरी सुधारला नाही. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. लेकीची खोली मीच करणार.

७ फेब्रुवारी
'घरदुरुस्तीची मूलतत्त्वे', तीन दिवसांचा क्लास, आज पूर्ण. शिकवणारा मिस्त्री बऱ्हाणपूरकडचा, अर्धं हिंदीत बोलतो. बाकीची पोरं मोबाइलवर फोटो काढत होती. वही एकट्या माझी. ओलीचं मूळ शोधा. जुनं प्लास्टर खरवडा. एकास चार, सिमेंट-वाळू. प्लास्टरनंतर सात दिवस तयारी. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं.

१० फेब्रुवारी
मूळ सापडलं. न्हाणीचा पाइप फुटका. बदलला. सिंधू काही बोलली नाही, म्हणजे प्रभावित झाली.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी
प्लास्टर झालं! निम्मं जमिनीवर, थोडं माझ्या डोक्यात, उरलेलं भिंतीवर. उंचवटे आहेत. कॅलेंडर लावलं की दिसणार नाहीत. कंबर गेली.

१३ फेब्रुवारी
तयारी, दिवस पहिला. पडद्यांची मापं.

१५ फेब्रुवारी
तयारी, दिवस तिसरा. पाळण्याची जागा ठरवली. कडूबा कंपाउंडवरून डोकावला. म्हणे, "गुरुजी, पाणी मारून राह्यले ना?" मी म्हटलं, अरे, ओल घालवायची आहे की आणायची? आणि नळ येतो आठव्या दिवशी. मान खाजवत निघून गेला. पहिल्यापासून मंदच.

१८ फेब्रुवारी
तयारी, दिवस सहावा. दिवसभर टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून. बारीक भेगा दिसतात. भिंत वाळत असल्याची खूण.

२० फेब्रुवारी
भेगांत बोट जातं. सिंधूला सांगितलं नाही. कॅलेंडर खाली सरकवलं. अजून एक कॅलेंडर मागून आणलं.

२१ फेब्रुवारी, सकाळी
गेलं. सगळं प्लास्टर कॅलेंडरांसकट खाली आलं, मयुरीसाठी घातलेल्या गादीवरच. तिथे लेकरू असतं तर? काय करू, काही सुचत नाही. पाच दिवस उरले. सिंधू दारात उभी राहून रडली. "काऊन ऐकत नाही तुमी कोनाचं?" एवढंच म्हणाली. मी चप्पल घालून कडूबाकडे गेलो.

२१ फेब्रुवारी, दुपारी
कडूबाने ढिगाऱ्यातला तुकडा चुरून पाहिला. पीठ झालं. मग वही मागितली. बोट ठेवून एकेक ओळ वाचली. म्हणाला, "गुरुजी, हे तयारी नोहे. तराई. तराई म्हंजे पाणी मारनं. सात दिवस पाणी पाजा लागते प्लास्टरले, तुमी तर थेंब नाही देल्ला." मी म्हटलं, तो मिस्त्री स्पष्ट बोलत नव्हता. कडूबा खाली बघत म्हणाला, "श्रुतलेखन चुकलं जी तुमचं."
कामाला चार दिवस, तराईला सात. मी बोटांवर तीनदा मोजलं. तीनदा अकराच आले.

२६ फेब्रुवारी
मयुरीचा फोन. "बाबा, वाईट नका वाटून घेऊ, इकडंच करतो बाळंतपण." मी म्हटलं, हो, ते सोयीचं. आवाज बरोबर लागला, बहुतेक. सिंधू दुपारच्या बसने खामगावला गेली. जाताना डिंकाचे लाडू घेतले, आणि मला म्हणाली, "पाणी मारजा."
कडूबाने काल भिंत केली. सपाट. कॅलेंडरची गरज नाही.
तराई. तराई. तराई. तराई. तराई. तराई. तराई. तराई. तराई.
नऊच झाले. दहावा पाणी मारून आल्यावर लिहितो. खोलीत कोणीच नाही, घाई नाही.