हिंगणघाटची चिठ्ठी

लिव्हरपूल, १२ ऑक्टोबर १९७८

प्रिय कोकिळा,

तुझं पत्र काल मिळालं. नाचणगावात वेचणी सुरू झाली, तू सीतादही घालून शेतात दहीभात शिंपडलास, हे वाचून बरं वाटलं. खाली एकच ओळ होती: तुझ्या दिरांनी, रूपरावभाऊजींनी, शेत मक्त्यानं घ्यायचा कागद आणलाय, दिवाळीआधी सही पाहिजे. ती ओळ मी रात्रभर घेऊन निजले.

आज सकाळी नलूनं मला शहर दाखवायला नेलं. दोन महिन्यांचं बाळ जावईबापूंजवळ ठेवलं. हे गावात सांगू नको, हसतील. पातळावर जावयाचा ओव्हरकोट चढवून मी निघाले. नदी एवढी रुंद की पुरातली वर्धा तिच्यापुढे ओढा वाटावी. काठावर काळवंडलेली उंच इमारत, तिच्या दोन मनोऱ्यांवर दोन धातूची पाखरं. आम्ही बोटीनं पलीकडे जाऊन आलो. वाऱ्यानं पदर ठरेना. पुढे रिकाम्या गोद्या. नलू म्हणाली, आपल्याकडचा कापूस जहाजातून इथंच उतरायचा. मी तिथल्या विटांना हात लावून पाहिला.

एका जुन्या वखारीत कापसाचं छोटं प्रदर्शन होतं. टेबलावर निळ्या कागदांत रुईचे नमुने, प्रत्येकापुढे चिठ्ठी, मागे राखणीला एक टोपीवाला म्हातारा. नलूनं एक वाचली, हिंगणघाट! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हात लावायची मुभा होती, म्हणून चिमूट उचलली. मऊ, लांब तंतू. हा आपला गावरान नव्हेच. शेजारच्या अमेरिकेच्या नमुन्याला हात लावला, तर खरबरीत, आखूड, ओढला की बोटाला झोंबणारा. आपल्या शेताच्या धुऱ्यावरचाच! मी म्हटलं, नलू, त्या म्हाताऱ्याले सांग, चिठ्ठ्या बदलल्या हायेत. नलू लाजून म्हणे, आई, गप्प राय ना, लोक पाहून राह्यले. मी काही गप्प राहिले नाही. मीच दोन्ही चिमटी त्याच्यापुढे धरल्या.

चाळीस वर्षं कापसाची दलाली केलेला माणूस तो. त्यानं तंतू ओढले, काळ्या कापडावर सरळ लावून त्यांची लांबी मोजली, पुन्हा मोजली. मग मोठ्यानं हसला आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. तुमचा कापसाचा व्यापार आहे का, असं त्यानं नलूकडून विचारलं. मी म्हटलं, व्यापार नाई, आम्ही बहिणी वेचतो. त्यानं टोपी काढली गं! परतताना ओव्हरकोटात मावत नव्हते मी.

आता खरं लिहिते. तुझ्या वासुदेवरावांच्या तेरवीला रूपरावभाऊजी म्हणाले होते, कापसाची बंडी घेऊन खरेदी केंद्रावर बाई जाईन काय, प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरले काय सांगन? तेव्हा मी मान खाली घातली. इकडे निघताना तर मीच तुला म्हटलं, भाऊजींनी कागद आणला तर सही करून टाक, वेचणं वेगळं आणि विकणं वेगळं. कोकिळे, ते मी आज परत घेते. आपल्या बोटांना जे कळतं ते आपल्याला पुलगावच्या ग्रेडरलाही सांगता येतं. कागदावर सही करू नको. भाऊजी चिडले तर म्हणजो, ताईनं नको म्हणून सांगितलं. मी पुढच्या महिन्यात येते. पहिली बंडी तूच हाकशील, मी मागे कापसावर बसेन.

भर दुपारी केंद्रावर उतरायला उतावीळ,
तुझीच प्रमिलाताई