तीन आवाज ऐकून मगच सही

प्रिय ठमे,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘सर्व्हरची सिस्टिम अपग्रेड करण्याआधी काय काय पाहावं, ते आपण कृपया एका कागदावर लिहून द्यावं.’ आपण! एकवीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं, आणि आता मी ‘आपण’ झाले. असू दे. माझी खुर्ची तुला मिळाली आहे, तेव्हा कागदही मिळायला हवा. लिहिते.

नव्या सिस्टिमचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. कंपन्या चांगल्या बातम्या पहिल्या पानावर छापतात आणि वाईट बातम्या बारीक अक्षरात मागे ढकलतात. आपल्या जुन्या डिस्क सर्व्हरमधल्या ज्या कार्डावर चालत होत्या ते नव्या सिस्टिमला चालणार नाही, हे मला असंच मागच्या पानावर सापडलं होतं. म्हणून नवं कार्ड मागवलं. ते बसवलं की डिस्क पुसून नव्याने मांडाव्या लागणार आणि सगळं बॅकअपमधून परत आणावं लागणार, हे तुला मी दोनदा समजावलं होतं. तू म्हणालीस, “हेडबाई, तुम्ही पाढे म्हणून घेतल्यासारखं सांगता.” मी हसले होते.

सर्व्हरवर कोणकोणते प्रोग्रॅम चालतात त्याची यादी करायची. ती आठवणीतून करायची नाही, यंत्रासमोर बसून करायची. ध्वनिकक्षाचा तो जुनाट प्रोग्रॅम कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि आपलं रुग्णालय तर त्याच्यासाठीच ओळखलं जातं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांना आपण आधी काचेच्या खोलीत बसवतो आणि त्यांचा आवाज जपून ठेवतो. माणूस घरी जातो, पाटीवर लिहून बोलायला लागतो. मग कधीतरी बायको येते, मुलगी येते, आणि म्हणते, एकदा ऐकवा. म्हणून आपला सर्व्हर इतरांच्या सर्व्हरसारखा नाही. बिलं पुन्हा छापता येतात.

सगळे बदल आधी अडगळीच्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर करून पाहायचे. काम बिघडलं तर मागे कसं फिरायचं, ते सुरू करण्याआधी लिहून ठेवायचं. सुट्टीचा दिवस धरायचा, पण सकाळी लवकर, डोकं ताजं असताना. आणि पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ आलं म्हणून हुरळून जायचं नाही. यंत्राला यश कशाला म्हणतात ते कळत नाही. म्हणून तर आपण दोघींनी ती पद्धत घातली: एकीने बॅकअप घ्यायचा, दुसरीने तो जुन्या यंत्रावर उतरवायचा आणि कानाला हेडफोन लावून तीन आवाज ऐकायचे. सर्वात नवा, मधला एखादा, आणि नंबर एक, म्हणजे आपण भरलेला पहिला. दर तीन महिन्यांनी, शिवाय प्रत्येक मोठ्या बदलाआधी. मगच रजिस्टरमध्ये ‘ऐकले’ लिहून सही.

अपग्रेडच्या त्या रविवारी सकाळी मी रजिस्टर उघडलं. ‘ऐकले’, खाली तुझी वळणदार सही. मी डिस्क पुसल्या. दुपारी बॅकअप उघडला तर फाइलींची नावं ओळीने उभी, आणि आत काही नाही. सर्व्हरचा पासवर्ड बदलल्यापासून बॅकअप नुसती नावं उतरवत होता. चूक माझीही आहे, ती मी चौकशी समितीपुढे मान्य केली: मी सहीवर विसंबले.

तू समितीपुढे काय म्हणालीस ते मी शेजारच्याच खुर्चीवर बसून ऐकलं. “मी ऐकलं होतं, नंतर बिघडलं असेल. बाईंना निवृत्तीआधी काम उरकायची घाई होती.” घाई! मला! ठमे, चहा गाळतानासुद्धा मी घाई करत नाही, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. टाचणीच्या डबीशी चाळा करत होतीस.

परवा एका गवंड्याची बायको आली. गेल्या महिन्यात त्याचं ऑपरेशन झालं. तो काचेच्या खोलीत तिच्यावरच ओरडला होता म्हणे, ‘माझी थापी कुठे ठेवलीस?’ तेवढंच ऐकायला आली होती. तो आवाज आता नाही, असं मीच सांगितलं. तिला वाटलं यंत्र बंद आहे. म्हणाली, “मग उद्या येऊ का?”

आता तुला ठाऊक नसलेलं सांगते. जुने आवाज परत मिळाले ते अडगळीतल्या यंत्रावरून, एवढंच समितीला कळलं. त्या यंत्रावर बॅकअप शेवटचा कधी उतरवला होता, हे कुणी विचारलं नाही. मी पाहिलं. चौदा महिन्यांपूर्वी. त्यानंतर रजिस्टरमध्ये तुझ्या पाच सह्या आहेत. मधल्या काळातले दोनशे बारा आवाज त्या पाच सह्यांखाली गाडले गेले.

आणि का, तेही मला समजलं. नंबर एक म्हणजे तुझे बाबा. ‘या खुर्चीचा पाय हलतोय. आधी तो बसवा, मग माझा घसा बघा.’ सुतारच शेवटी. ते गेल्यावर तू एकदाच ऐकलंस, आणि मग तुला ते झेपेना. अगं, मला सांगितलं असतंस तर मी नंबर दोन लावला असता. एवढंच होतं ते. तू मला न सांगता सही केलीस, ते मी एक वेळ गिळेन. पण तू स्वतःला वाचवायला माझी एकवीस वर्षं पुढे केलीस.

कागदाचं निमित्त झालं; पत्र यासाठी लिहिलं की सोमवारी अकरा वाजता मी रजिस्टर आणि त्या यंत्रावरची तारीख घेऊन समितीकडे जाणार आहे. तू आधी जाऊन स्वतः सांगितलंस तर मी बाहेरच्या बाकावर बसेन, तोंड उघडणार नाही. नाही गेलीस, तर मी जाईन. शेवटची सूचना: चाचणीला नंबर एक पुन्हा लावायचा नाही. त्याच्या जागी मी काल काचेच्या खोलीत बसून माझा आवाज भरून ठेवला आहे. चार मिनिटं आहे, याच सगळ्या सूचना आहेत. माझं बोलणं ऐकून तुला रडू येण्याचं काही कारण नाही. पूर्ण ऐक, आणि मगच सही कर.

तुझीच, निदान सोमवारपर्यंत,
हेडबाई